गच्चीला तिसऱ्यांदा कोटिंग करू का?

सोनचाफा

नमस्कार मंडळी. बांधकामातलं मला ओ की ठो कळत नाही, हे आधीच कबूल करते, म्हणजे उत्तर देताना कुणी संकोच करणार नाही.

घर बारा वर्षांचं आहे. वर उघडी गच्ची. चार वर्षांपूर्वी जिन्याला लागून असलेल्या खोलीच्या छतावर पहिला डाग दिसला, बशीएवढा. तेव्हा गच्चीवर पांढरं कोटिंग मारून घेतलं. दोन पावसाळे बरे गेले. मग डाग परत आला, या वेळी परातीएवढा. पुन्हा कोटिंग, "आधीपेक्षा भारी", मध्ये जाळी टाकून. यंदा पहिल्याच मोठ्या पावसात छताच्या गिलाव्याची खपली पडली, थेट लेकीच्या अभ्यासाच्या टेबलावर. नशीब, ती तेव्हा शाळेत होती. खपली पडली तिथून सळई दिसते. तपकिरी झाली आहे, आणि नख लावलं की पापुद्रे निघतात.

प्रश्न साधा आहे. तिसऱ्यांदा काय लावू? ॲक्रिलिक, पीयू (पॉलियुरेथेन), डांबराचा पट्टा, की ते सिमेंटमध्ये कालवायचं दुधासारखं रसायन? दुकानात प्रत्येक डब्यावर छत्रीचं चित्र आणि प्रत्येकाची हमी दणदणीत. डोकं चालेनासं झालंय.

टिवल्याबावल्या

चौथ्यांदा काय लावायचं तेही आत्ताच विचारून ठेवा.

मुरुमकर

टिवल्या वात्रटपणे बोलला, पण मुद्द्याचं बोलला.

ताई, डब्याचं राहू द्या बाजूला. मी साइटवर सुपरवायझर म्हणून बरीच वर्षं काढली आहेत, आणि गळक्या गच्च्यांपैकी कोटिंग वाईट होतं म्हणून गळणाऱ्या फार थोड्या पाहिल्या. आधी हे सांगा. पाऊस थांबल्यावर गच्चीवर डबकी राहतात का, आणि किती वेळ? पाणी कुठून बाहेर जातं, किती तोंडं आहेत? कोटिंगवर चिरा परत उमटल्या आहेत का, आणि जुन्याच जागी का? डाग पाऊस सुरू झाल्यावर लगेच वाढतो की दुसऱ्या दिवशी? कठड्याच्या आतल्या बाजूचा गिलावा वाजवून पाहिलात का? आणि शेवटचं, डागाच्या वर गच्चीवर नेमकं काय आहे?

सोनचाफा

दादा, आज रविवार, त्यामुळे छत्री घेऊन वर जाऊनच आले.

डबकी राहतात. मधोमध एक मोठं, दोन दिवस तसंच असतं, त्यात डास. पाणी जायला एकच तोंड, कोपऱ्यात, कठड्याच्या पायथ्याशी पाइप. त्यावर पानांचा थर होता, हाताने काढला. चिरा परत आल्या आहेत, अगदी जुन्याच रेषेत, जणू कुणी कार्बन पेपर ठेवून उतरवल्या. डाग लगेच वाढत नाही, पाच-सहा तासांनी वाढतो आणि पाऊस थांबल्यावरही दिवसभर वाढत राहतो. कठडा रंध्याच्या मुठीने वाजवला, दोन ठिकाणी बद्द आवाज येतो. डागाच्या बरोब्बर वर काहीही नाही! कोरी करकरीत जमीन. एक चीरसुद्धा नाही. म्हणूनच तर माझी मती गुंग झाली आहे.

मुरुमकर

अहाहा. असं उत्तर देणारे घरमालक मिळाले असते तर माझे केस काळे राहिले असते.

आता ओळीने घेतो.

डागाच्या वर काही नसणं हेच नेहमीचं. गच्चीवर स्लॅबच्या वर उतारासाठी घातलेला कोबा असतो, चार-पाच इंच जाडीचा, आणि तो आतून स्पंजासारखा. पाणी एका जागी आत शिरतं, कोब्याच्या पोटातून उताराने सरकतं आणि खाली स्लॅबला जिथे कच्ची जागा सापडेल तिथे उतरतं. शिरल्याची जागा आणि ठिबकल्याची जागा यांत दोन-तीन मीटरचं अंतर सहज पडतं. तुमचा डाग उशिरा वाढतो आणि पाऊस गेल्यावरही वाढत राहतो, त्याचं कारण हेच: वरची टाकी हळूहळू रिकामी होते आहे. थेट भोक असतं तर डाग पावसाबरोबर आला असता आणि पावसाबरोबर गेला असता.

दुसरं, एकच तोंड. हिशेब करा. दहा बाय दहा मीटरची गच्ची आणि तासाला ५० मिमी पाऊस म्हटला तर तासाला ५,००० लिटर पाणी. ते सगळं एका पाइपातून, आणि त्या पाइपावर पानं. दुसरं तोंड काढा, आणि त्याहून थोडं वरच्या पातळीवर कठड्याला आरपार एक भोक ठेवा, खालची तुंबली तर पाणी बाहेर पडताना दिसावं म्हणून. उतार निदान शंभराला एक हवा. सहा मीटर लांबीला ६० मिमी. डबकं दोन दिवस राहतं म्हणजे तिथे उतार नाहीच, उलट खळगा आहे. पातळ ॲक्रिलिक कोटिंगला पाऊस सोसतो, साचलेलं पाणी सोसत नाही. ते फुगतं, मऊ पडतं, मग पापुद्रा सुटतो.

तिसरं, त्या कार्बन पेपरच्या चिरा. यावर सगळ्यात जास्त पैसा पाण्यात जातो, म्हणून जरा सविस्तर. काँक्रीट उन्हात ताणतं आणि थंडीत आकसतं. एका अंश सेल्सियसला साधारण दशलक्षात दहा भाग. ऐकायला काहीच नाही. पण दहा मीटर लांबी घ्या, पहाट आणि भर दुपार यांत स्लॅबच्या पृष्ठभागाचा फरक २० अंश धरा: २ मिमी झाले. ही हालचाल कुठेतरी निघणार, आणि ती असलेल्या चिरेतच निघते, कारण तीच सगळ्यात सोपी जागा. आता अर्धा मिमीच्या चिरेवर तुम्ही कोटिंग फासलंत. चिरेच्या दोन काठांमधलं कोटिंग मूळचं अर्धा मिमी, त्याला दोन मिमी आणखी ताणायचं आहे. म्हणजे चौपट वाढ. कोणताही डबा हे वर्षानुवर्षं करणार नाही, त्यावर छत्री असो की तंबू.

म्हणून चीर कापून रुंद करायची. उलटं वाटतं, पण तसंच आहे. चिरेच्या रेषेत १० मिमी रुंद खाच, तळाशी चिकटू न देणारी टेप, त्यावर पीयू सीलंट, म्हणजे रबरासारखं ताणणारं भरण, साधारण ५ मिमी जाडीचा. आता तेच दोन मिमी दहा मिमीवर विभागले, म्हणजे २० टक्के. हे तो हसत सोसतो. तळाला टेप कशासाठी? सीलंट दोन्ही बाजूंनाच धरला पाहिजे. तीन बाजूंना चिकटला की त्याला ताणायला वाव राहत नाही आणि तो मधोमध फाटतो. ही टेप विसरलेलं काम मी इतक्या वेळा पाहिलंय की आता रागसुद्धा येत नाही.

पण हे सगळं नंतर. आधी चोर कुठून शिरतो ते शोधा. गच्चीचे वाफे करा. सिमेंट-वाळूच्या किंवा चिकणमातीच्या बोटभर उंच वरंब्यांनी चार भाग पाडा आणि एकेक भाग भरा. एका वाफ्यात २५ मिमी पाणी, २४ ते ४८ तास. शेजारी उथळ पसरट भांडं पाणी भरून ठेवा: उन्हाने जेवढं भांड्यातलं उतरेल तेवढं वाफ्यातलंही उतरणार, त्याहून जास्त उतरलं तर ते खाली गेलं. सगळ्यात खालच्या भागापासून सुरुवात करा आणि वर सरका. दोन वाफ्यांमध्ये दोन-तीन दिवस जाऊ द्या, नाहीतर आधीचं झिरपलेलं पाणी दुसऱ्याच्या नावावर मांडलं जाईल.

तुळई

मुरुमकरांच्या प्रत्येक वाक्याला +१, फक्त एक लाल दिवा. २५ मिमी पाणी म्हणजे चौरस मीटरला २५ किलो. धडधाकट स्लॅबला ते किरकोळ आहे. पण इथे सळईचे पापुद्रे निघताहेत. सोनचाफा ताई, पाणी भरायच्या आधी छताचा तो भाग आणि आजूबाजूचा पट्टा हातोडीच्या दांड्याने वाजवून घ्या. बद्द आवाज कुठवर जातो ते खडूने आखा. सैल असलेलं सगळं पाडून घ्या, लेकीचं टेबल दुसऱ्या खोलीत हलवा. तुळईवर, म्हणजे बीमवर, सळईच्या रेषेत चीर दिसली किंवा छताला झोळ दिसला, तर ही चाचणी नको, आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर. हा धागा वाचून घरी करायचं काम ते नव्हे.

कोरडाठाक

इतका घोळ कशाला? आमच्याकडे गच्चीवर शेवाळ होतं. फरशी धुवायचं ॲसिड ओतलं, खराट्याने घासलं, वर दोन हात कोटिंग. चार वर्षं झाली, ठणठणीत. शेवाळामुळेच कोटिंग धरत नाही.

पीएच_साडेबारा

कोरडाठाक, शेवाळावर कोटिंग धरत नाही हे शंभर टक्के खरं. पण ॲसिड? अरे देवा.

फरशी धुवायचं ॲसिड म्हणजे बहुतेक वेळा हायड्रोक्लोरिक आम्ल. सिमेंट अल्कधर्मी आहे, आम्ल त्याला खातं. जो फेस येतो तो मळाचा नव्हे, तुमच्या काँक्रीटचा. बरं, एवढ्यावर भागत नाही. मागे राहतं ते क्लोराइड, आणि सळईला गंजवण्यात क्लोराइडसारखा दुसरा गडी नाही. चिरांमधून ते खाली गेलं की वरून कितीही धुवा. (आणि कृपा करून कुणी ॲसिड आणि ब्लीच एकापाठोपाठ वापरू नका, त्यातून क्लोरीन वायू सुटतो.)

शेवाळ ओलं असताना ताठ ब्रशने घासून निघतं. पाण्याचा जोरदार फवारा वापरायचा तर नोजल लांब धरा आणि पंख्यासारखं पसरट ठेवा. जवळून मारलं की वरची सिमेंटची साय निघून खडी उघडी पडते. मग तिथे पाणी जास्त मुरतं, जास्त मुरलं की शेवाळ जास्त. आणि मुळात शेवाळ येतं कारण ती जागा वाळत नाही. तेव्हा पुन्हा उतार.

आता सळईबद्दल, कारण धाग्यात खरी गंभीर गोष्ट तीच आहे आणि सगळे कोटिंगवर बोलताहेत.

ताज्या काँक्रीटचा पीएच साडेबारा ते तेरा. (माझं टोपणनाव इथून आलंय, विचारणाऱ्यांसाठी.) एवढ्या अल्कधर्मी वातावरणात पोलादावर एक अतिशय पातळ संरक्षक थर धरतो आणि ते गंजत नाही, ओलं असलं तरीही. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू काँक्रीटच्या छिद्रांतून आत जातो, चुन्याशी संयोग पावतो आणि पीएच नऊच्या खाली आणतो. ही सीमारेषा वर्षानुवर्षं आत सरकत राहते. ती सळईपर्यंत पोचली की संरक्षण संपलं. मग पाणी आणि प्राणवायू मिळाला की गंज. गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट होतं. जागा कुठे आहे त्याला? तो काँक्रीट फोडून बाहेर पडतो. तुमच्या टेबलावर पडलेली खपली पाण्याने नाही ढकलली, गंजाने ढकलली.

यातली गंमत (गंमत कसली) अशी की ती रेषा काळाच्या वर्गमुळाच्या हिशेबाने सरकते. समजा ९ वर्षांत १० मिमी आत गेली, तर २० मिमीला १८ नाही, ३६ वर्षं लागतील. हेच उलटं वाचा. सळईखालचं कव्हर, म्हणजे तिला झाकणारा काँक्रीटचा थर, २० मिमीऐवजी १० मिमी ठेवलं, तर आयुष्य निम्मं होत नाही, पाव होतं. सेंटरिंगवर, म्हणजे स्लॅब ओतायच्या साच्यावर, सळ्या बांधताना खाली कव्हर ब्लॉक न ठेवता त्या नुसत्या पसरणं, किंवा काँक्रीट ओतताना त्यावरून चालून त्या दाबणं, याची खरी किंमत ही. बारा वर्षांच्या घरात सळई गंजली आहे, म्हणजे तिथे कव्हर फारच कमी असणार.

फिनॉल्फथॅलिन मिळालं तर ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फवारा. गुलाबी झालं तिथे अल्कधर्मीपणा शाबूत, रंग आला नाही तिथे गेला. शाळेच्या प्रयोगशाळेतलंच ते.

कोरडाठाक

ठीक आहे, ॲसिड मागे घेतो. पण आमची गच्ची गळत नाही, हे नोंदवून ठेवतो.

पीएच_साडेबारा

नोंदवलं. तुमची गच्ची उताराची आहे असा माझा अंदाज.

कोरडाठाक

आहे.

नवंघर

मध्येच घुसतोय, माफ करा. आमच्या पार्किंगचं काँक्रीट उद्या सकाळी आहे आणि पावसाचा अंदाज दुपारचा. ठेकेदार म्हणतो, पाऊस काँक्रीटला चांगला, क्युरिंग (ओलं ठेवून पक्कं करणं) फुकटात होतं. खरं का?

मुरुमकर

अर्धं खरं, आणि ते अर्धं दुसऱ्या दिवसापासून.

पहिले काही तास पाऊस शत्रू. वरची सिमेंटची लापशी धुऊन जाते, वाळू वर येते, आणि असा पृष्ठभाग पुढे जन्मभर भुकटी सोडतो. ताडपत्री आणि ती पेलायला बांबू आधीच साइटवर आणून ठेवायला सांगा, ढग आल्यावर शोधाशोध नको. ताडपत्री ओल्या काँक्रीटला टेकू देऊ नका. पाऊस आलाच आणि पाणी साचलं तर ते कडेला ओढून काढा. त्यात ते कालवत रंधा मारायचा नाही. आणि कोरडं सिमेंट भुरभुरवून पाणी शोषून घ्यायचं तर अजिबात नाही. हे हटकून करतात. दिसायला गुळगुळीत होतं, वर्षभरात पापुद्र्यासारखं उलतं.

त्याहून मोठी भानगड मिक्सरपाशी असते. ५० किलोच्या गोणीला २५ लिटर पाणी म्हणजे प्रमाण ०.५. गडी "जरा पातळ करू, पटकन पसरेल" म्हणत पाच लिटर जास्त ओततो, प्रमाण झालं ०.६. सिमेंटला खरं पाणी त्याच्या वजनाच्या साधारण ४० टक्के पुरतं. वरचं सगळं उडून जातं आणि मागे बारीक नळ्यांचं जाळं ठेवून जातं. पुढे पाऊस शिरणार तो याच नळ्यांतून. वाळू पावसात भिजलेली असेल तर तिच्यातलं पाणीही या हिशेबात धरा, नाहीतर मोजून ओतूनही पातळच होईल.

घट्ट झाल्यावर मात्र पाऊस खुशाल येऊ द्या. निदान सात दिवस ओलं राहिलंच पाहिजे, पावसाने किंवा तुमच्या नळाने. पार्किंगला घरापासून दूर जाणारा उतार ठेवा आणि सांधे कापायला विसरू नका. १०० मिमी जाडीला साधारण तीन मीटरवर एक, जाडीच्या पाव खोलीचा. तो त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी कापला नाही तर काँक्रीट स्वतःच्या मर्जीने जिथे हवं तिथे तडकतं.

नवंघर

ठेकेदाराला हे वाचून दाखवलं. पुढे ढकललं, परवा करतोय. तो माझ्याशी बोलत नाहीये.

निळीछत्री

थोडं अवांतर, पण विषयाला धरून. रोमच्या पँथिऑनचा घुमट काँक्रीटचा आहे, जवळजवळ १,९०० वर्षांचा, आणि माथ्यावर आठ-नऊ मीटरचं उघडं भोक. पाऊस सरळ आत पडतो. ते भोक कुणी बुजवलं नाही, खालच्या फरशीला हलका बाक दिला आणि पाणी जायला भोकं ठेवली. पाण्याला "येऊ नको" म्हणण्यापेक्षा "ये, आणि इकडून जा" म्हटलं. अर्थात त्या घुमटात सळई नाही, त्यामुळे गंजायला काही नाही.

टिवल्याबावल्या

म्हणजे सोनचाफा ताईंनी स्लॅबला मधोमध भोक पाडावं?

निळीछत्री

टिवल्या, जा.

पाणपोई

गच्चीवर कुंड्या ठेवणाऱ्यांसाठी: थेट जमिनीवर टेकवू नका, पायांवर ठेवा. कुंडीखालची जागा कधीच वाळत नाही आणि मुळं चिरेत शिरतात. बाकी कुंड्यांना नावं ठेवायची हिंमत होत नाही, कारण सळईच्या काँक्रीटची वाट ज्यांनी पाडली त्यांतला जोसेफ मोनिए हा फ्रेंच माळीच होता. १८६७ साली त्याने पहिलं पेटंट घेतलं ते झाडांच्या लोखंडी जाळीच्या कुंड्यांसाठी.

सोनचाफा

नऊ दिवसांनी परत आले. चोर सापडला!

तुळईंनी सांगितल्याप्रमाणे आधी छत वाजवून घेतलं, सैल भाग पाडला (दोन घमेली निघाला), बीम वाजवून पाहिले, तिथे आवाज खणखणीत आला. मग चार वाफे. पहिलाच वाफा, तोंडाच्या कोपऱ्याचा. संध्याकाळी भरला, सकाळी भांड्यातलं पाणी जेमतेम उतरलं होतं आणि वाफ्यातलं बोटभर. दुपारी खाली डाग ओला. कोपऱ्यापासून डाग तीन मीटर लांब आहे. मुरुमकर दादा, तुम्हाला साष्टांग.

बाकीचे तीन वाफेही भरले, कारण आता मला चटक लागली होती. तिसऱ्यात, कठड्याच्या पायथ्याशी, थोडंसं उतरलं. दुसरा आणि चौथा कोरडे ठणठणीत. म्हणजे दोन वेळा सगळ्या गच्चीला कोटिंग लावलं, आणि गळत होती ती पाइपाची मान.

पाइपाभोवती टॉर्च मारून पाहिलं. पांढरं कोटिंग पाइपाच्या तोंडाशी येऊन थांबलंय, आणि पाइप व काँक्रीट यांच्यामध्ये नख जाईल एवढी फट आहे, गोल फिरणारी. आता काय करू?

मुरुमकर

गुळगुळीत प्लास्टिकच्या पाइपाला सिमेंट कधीच धरत नाही. ओतताना चिकटल्यासारखं दिसतं, आकसलं की सुटतं.

पाइपाभोवतीचं काँक्रीट वीतभर फोडा, सळई न दुखावता. पाइपाची बाहेरची बाजू खरबरीत कागदाने घासून पांढुरकी करा. न आकसणाऱ्या ग्राउटने, म्हणजे फटी भरायच्या पातळ मसाल्याने, भरा, पण वरच्या बाजूला पाइपाला लागून १० मिमीची गोल खाच ठेवा आणि ती पीयू सीलंटने भरा. तोंडाभोवतीची जमीन बाकीच्या गच्चीपेक्षा २० मिमी खाली हवी, परातीसारखी. मग नवं कोटिंग जाळीसकट पाइपाच्या आत उतरलं पाहिजे, तोंडाशी थांबता कामा नये. पाणी कोटिंगवरून थेट पाइपात पडावं, मधल्या सांध्याशी त्याची गाठच पडू नये.

कठड्याच्या पायथ्याशी काटकोन असेल तर तिथे गोल वाटा करा, म्हणजे मसाल्याने कोपरा भरून गोलाई द्या. काटकोनात कोटिंग पातळ होतं आणि तिथेच फाटतं. कोटिंग कठड्यावर निदान १५० मिमी चढवा, जमलं तर वीतभर. बद्द वाजणारा गिलावा काढून नवा करा. कठड्याचा माथा आतल्या बाजूला उतरता असावा आणि त्याच्या पुढे आलेल्या कडेला खालून खाच हवी, म्हणजे थेंब तिथेच तुटतो, भिंतीवरून ओघळत नाही. छज्ज्यांनाही तीच खाच. दमडीचं काम, पण करणारा विरळा.

मधलं डबकं मोडायला खळगा खरवडून पॉलिमर मिसळलेल्या मॉर्टरने भरा आणि उतार तोंडाकडे आणा. एवढं झालं की मग डबा. जागा पूर्ण वाळवता आली तर पीयू, त्याला ओल चालत नाही, फोड येतात. पावसाची उघडीप थोडीच मिळणार असेल तर सिमेंट-पॉलिमरचं दोन घटकांचं कोटिंग, ते ओलसर पृष्ठभागावर उलट चांगलं धरतं. इपॉक्सी उघड्यावर नको, उन्हाने पिवळी पडून भुकटी होते.

वाळलंय का हे पाहायला हात लावून उपयोग नाही. दीड फुटाचा चौकोनी प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवा, किमान १६ तास. सकाळी आतून घाम दिसला तर थांबा.

तुळई

आणि छताचं खालून: सळईवर नुसता गिलावा चढवू नका. तिच्या मागे बोट जाईल इतकं, म्हणजे २० मिमी तरी, काँक्रीट मोकळं करा, नाहीतर मागच्या बाजूने गंज चालूच राहतो. तारेच्या ब्रशने चकचकीत घासा. घासून झाल्यावर जाडी मोजा. मूळ जाडीच्या मानाने ती चांगलीच बारीक झाली असेल, तर जोडसळई लागेल की नाही हे इंजिनिअरने ठरवायचं. मग जस्ताचं प्रायमर, पॉलिमर मॉर्टर थराथराने, आणि त्यालाही पाणी मारा, लोक विसरतात. छताला खालून वॉटरप्रूफ रंग लावायचा मोह होईल. लावू नका. वरून आत गेलेल्या पाण्याला खाली वाट बंद झाली की ते सळईपाशीच मुक्काम करतं.

शिंपला

माझा प्रश्न वेगळा. अंगणातलं काँक्रीट आहे, गळायचा प्रश्न नाही, नुसतं पावसाने काळं पडतं. थंडीत गोठतंही. वार्निशसारखं काही?

पीएच_साडेबारा

वार्निशसारखं नको, निसरडं होतं आणि खालून येणारी वाफ अडली की सुटतं. सिलेन-सिलोक्झेन बघा. ते वर थर करत नाही, काही मिमी आत मुरून छिद्रांच्या भिंतींना पाणी नकोसं करतं. वाफ बाहेर जाऊ शकते. काँक्रीट २८ दिवसांपेक्षा जुनं हवं. दरवर्षी पाणी शिंपडून बघायचं: थेंब मोत्यासारखा बसला तर ठीक, डाग पसरला तर पुन्हा लावायची वेळ. चिरा मात्र ते भरत नाही आणि साचलेल्या पाण्याचा दाब अडवत नाही, त्यामुळे सोनचाफा ताईंच्या गच्चीला त्याचा उपयोग नाही.

गोठण्याबद्दल: पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. छिद्रं पाण्याने भरलेली असली तरच काँक्रीट फुटतं. तेव्हा तुमच्याकडे तर पाणी निथळून जाणं आणखीच महत्त्वाचं. बर्फ वितळवायला मीठ टाकत असाल तर बंद करा, वाळू टाका.

सोनचाफा

सात आठवड्यांनी. मध्ये दहा दिवसांची उघडीप मिळाली, त्यात सगळं बसवलं. पाइपाची मान, दुसरं तोंड, कठड्याचं भोक, वाटा, खळगा, तीन चिरा. गवंडी तळाच्या टेपला हसला. म्हणाला, ताई, हे कुणी करत नाही. मी म्हटलं, म्हणूनच मी तिसऱ्यांदा बोलावलंय. मग त्याने केलं, आणि चांगलं केलं. सळई घासून मोजली, ती वाचली, जोडसळई नको म्हणाले इंजिनिअर. कव्हर कुठे आठ मिमी, कुठे दहा. पीएच साहेबांचा पाव आयुष्याचा हिशेब तिथे उभं राहून मनात केला.

प्लास्टिकच्या तुकड्याला दोनदा घाम आला, म्हणून पीयूचा नाद सोडून सिमेंट-पॉलिमर लावलं. काल ४८ तासांची वाफ्याची चाचणी केली. भांडं आणि वाफा, दोन्ही पट्टीने मोजले: दोन्हीकडे चार मिमी. लेकीने वहीत तक्ता केलाय.

फक्त एक. छताचा डाग अजून दमट लागतो. पसरत नाहीये, पण गेलाही नाही. घाबरू का?

मुरुमकर

नका घाबरू. कोब्यात चार वर्षांचं पाणी आहे, ते खालूनच वाळणार. पेन्सिलने डागाची कड आखा, बाजूला तारीख लिहा. महिन्याने रेषेच्या आत सरकला असेल तर काम झालं. तोवर छताला रंग देऊ नका, आणि पंखा चालू ठेवा.

सोनचाफा

आखली. लेक म्हणते, नकाशावरच्या बेटासारखं दिसतंय.

टिवल्याबावल्या

बेट बुडालं की धाग्यावर कळवा.